सीटकव्हरचा शर्ट

गाडी चालवणाऱ्याने आपल्या गाडीला शोभतील असेच कपडे घालावेत, हे माझं मत फार जुनं आहे. गाडी नव्हती तेव्हापासूनचं आहे. गाडी नसताना मतं बाळगायला पुष्कळ वेळ असतो आणि ती लावायला जागाही शोधावी लागत नाही.

या मताचं मूळ आमच्या समोरच्या दारात आहे. तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांची गाडी लांबलचक, काळीभोर, बघणाऱ्याला भांग पाडता येईल इतकी चकचकीत. आणि ती चालवायला हे खाली उतरतात ते गुडघ्यात फुगलेला पायजमा आणि काखेत भोक पडलेला गंजीफ्रॉक घालून. दाराला किल्ली लावली की रस्त्यावरचे लोक थबकतात. हा माणूस गाडी काढतोय की पळवतोय, हे त्यांना ठरवता येत नाही. मी बायकोला नेहमी सांगायचो, "आपली गाडी आली ना, की बघ. गाडी राजाची आणि माणूस रद्दीचा, असं आपल्याकडे चालणार नाही."

"आधी गाडी येऊ द्या," बायको म्हणायची.

आली. दुसऱ्याची वापरलेली का होईना, पण आली. विकणाऱ्याने रंगाचं नाव 'सोनेरी वाळू' सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो चहात पडून वर काढलेल्या बिस्किटाचा होता. इंजिन मात्र ठणठणीत. चारही दारं व्यवस्थित बंद होत होती आणि त्यातली तीन उघडतही होती. खोट एकच. आधीच्या मालकाच्या कुत्र्याला सीटा फार आवडायच्या, आणि जाण्यापूर्वी त्याने जमतील तेवढ्या खाऊन घेतल्या होत्या.

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. ते शिंपी. आयुष्यभर एका कोपऱ्यावरच्या दुकानात बसून त्यांनी अख्ख्या वस्तीला कपडे घातले. पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, त्यांचे गुडघेही कुरकुरायला लागले, आणि गेल्या वर्षी दुकान बंद करून ते आमच्याकडे राहायला आले. बरोबर दोनच गोष्टी आणल्या. शिलाई मशीन आणि कापडाचा एक तागा. मशीन बाहेरच्या खोलीत ठेवलं, त्यावर चादर टाकली, आणि ती चादर पुन्हा काढलीच नाही.

दुकानात ज्यांचं तोंड मिटत नसे ते बाबा आता दिवसभर खिडकीशी बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पाठी बघायचे. मध्येच पुटपुटायचे, "त्याची कॉलर उचलतेय." मग पुन्हा गप्प. बायकोने नाना उपाय केले. उशांचे धडधाकट अभ्रे गुपचूप उसवून त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, "नवीन आण." आमच्याकडे त्या वर्षी इतके नवीन अभ्रे आले की उशा कमी पडल्या.

मला बाबांबद्दल पहिल्यापासून माया आहे. लग्नाआधी त्यांनीच माझ्या सुटाचं माप घेतलं होतं. मी घाबरून श्वास रोखून उभा होतो. ते हळूच म्हणाले, "सोडा आता. रोखून धरायला अजून सगळा संसार पडलाय." असा सासरा शोधून मिळत नाही. म्हणून त्यांचं ते खिडकीशी बसणं मलाही बघवत नसे.

गाडी आली त्या दिवशी जेवताना मी सहज म्हणालो, "सीटांना कव्हरं लागतील. बाजारात तयार मिळतात."

'तयार' हा शब्द ऐकून बाबांचा घास हातातच राहिला. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ताबडतोब दुसरं काहीतरी बोलणं भाग पडलं. आणि घाईघाईत बोलायला माणसाकडे असतं काय? त्याची जुनी मतं.

"कव्हरं राहू देत," मी म्हणालो. "मुद्दा वेगळाच आहे. गाडी आणि गाडीवाला एकजीव दिसले पाहिजेत. गाडी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो, हे कुणाला कळता कामा नये."

बाबांनी मान वर केली. "म्हणजे सीटेचं आणि तुमचं कापड एकच?"

माझा असा काही विचार नव्हता. पण ते इतक्या दिवसांनी काहीतरी विचारत होते. "एकच," मी म्हणालो.

"आणि कापड चौकडीचं असलं तर?"

"तर चौकडीला चौकडी."

बाबा उठले, हात धुतले आणि मशीनवरची चादर काढून घडी घालून कपाटात ठेवली. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. आमच्या संसारात तिचा पाय माझ्या पायावर नेहमी जोरात पडतो. त्या दिवशी तो अलगद ठेवला होता.

आता त्या ताग्याविषयी. गडद हिरवं कापड, त्यावर मोहरीच्या आणि डाळिंबाच्या रंगाच्या मोठ्या चौकड्या, आणि जाडी अशी की पाणी टाकलं तर ते विचार करून आत जावं. पुढच्या वर्षी सगळे याचेच कोट शिवणार, असं कुणा विक्रेत्याने सांगितल्यामुळे बाबांनी तो घेतला होता. पुढच्या वर्षी कुणी शिवले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. दरवर्षी नापास होणाऱ्या पोरावर आईचा जीव असावा तसा बाबांचा त्या ताग्यावर जीव होता.

घरात पुन्हा मशीनचा खडखडाट सुरू झाला. बाबा पायडल मारता मारता गुणगुणायला लागले. सीटांची कव्हरं तर अशी बसली की कारखान्यातूनच तशी आली असावीत. डोकं टेकायच्या उशांवरही कव्हरं, आणि शिवणीवर एक रेघ इकडची तिकडे नाही.

मग एका सकाळी बाबा गळ्यात टेप आणि कानावर खडू लावून म्हणाले, "जावईबापू, चला माप द्यायला. गाडीत."

"गाडीत?"

"शर्ट गाडीतच शोभायचा ना? मग माप उभ्याने घेऊन काय उपयोग? बसा. हात चाकावर ठेवा. ताठ नको, रोज बसता तसे बसा. बरेच कलता हो तुम्ही." त्यांनी सीटेवरून निघालेली रेघ खडूने माझ्या खांद्यावर आणली, तिथून छातीवर, तिथून बाहीवर. समोरचे बँकवाले गंजीफ्रॉकमध्ये कठड्याला टेकून बघत होते. गॅरेजवाले गाडीवर खुणा करतात हे त्यांनी पाहिलं असेल, पण माणसासकट करताना पाहिलं नसावं.

शर्ट तयार झाला. गाडीत बसलो तेव्हा मी स्वतःच चकित झालो. सीटेवरची चौकडी माझ्या खांद्यावरून उतरून पलीकडे पुन्हा सीटेवर जात होती, मध्ये मी आहे याची दखलही न घेता. पण मी गाडीतून उतरलो आणि भानगड कळली. बाह्या हात चाकावर असताना बेतल्या होत्या. उभं राहिल्यावर ते जाड कापड माझे हात आपोआप पुढे उचलत होतं. मी खाली दाबले की पुन्हा वर. आरशात बघितलं तर एक माणूस नसलेली गाडी चालवत खोलीत उभा होता.

"हे घालून मी ऑफिसला जाऊ?" मी बायकोला विचारलं.

तिने तोंडात कोंबलेला रुमाल काढला. "जायचं."

"अगं, लोक हसतील."

"हसू देत. बाबांनी काल शेजारच्या काकूंची बाही बघून स्वतःहून म्हटलं, आणा इकडे, नीट करून देतो. वर्षभरानंतर म्हटलं हो त्यांनी असं. तुम्ही हा शर्ट नको म्हणालात ना, तर ते पुन्हा मशीन झाकतील. आणि या वेळी ते उघडणार नाहीत, मला माहीत आहे." तिचा आवाज जरासा हलला. हात पुढे होतेच, त्यात डबा घेतला आणि निघालो.

दाराशी बाबा उभे होते. डोळे बारीक करून त्यांनी मला न्याहाळलं. "पँटीशी चौकडी तुटते," ते म्हणाले. "पँट नंतर शिवतो. तोवर हा तुकडा मांडीवर पसरा. आणि उरलेल्यात ही टोपी बसली."

मी वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभाग सांभाळतो. काम सोपं आहे. आपलं वजन जास्त आहे हे माणसाला पटत नाही, काटा बिघडलाय हे लगेच पटतं. अशांची मी समजूत घालतो.

फाटकापाशी रखवालदाराने गाडी अडवली आणि काचेत वाकून बघितलं. "साहेब, तुम्ही आहात होय? मला लांबून फक्त डोकंच दिसलं," तो म्हणाला. मी टोपी सरळ केली आणि आत गेलो.

ऑफिसात हात पुढे करून चालणाऱ्या माणसाला काहीतरी हवंय असंच सगळ्यांना वाटतं. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी त्यावर फायली ठेवल्या. दुसऱ्याने त्यावर कपबश्या ठेवल्या. मी आमच्या वरिष्ठ मॅडमच्या केबिनमध्ये पोहोचलो तेव्हा माझ्या हातांवर कुणाचा तरी कोटही होता.

"हे सगळं मला का आणलंत?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हाला नाही, मॅडम. शर्ट नवीन आहे."

मॅडमनी शर्टाकडे पाहिलं, मग डोळे चोळले, मग पुन्हा पाहिलं. "ते जाऊ द्या. दुपारी शेठ येतायत. त्यांच्या सगळ्या दुकानांसाठी काटे घेणार होते, पण नमुन्याच्या काट्याने त्यांचं स्वतःचं वजन फार दाखवलं, म्हणून अडून बसलेत. त्यांना कारखान्यात नेऊन खात्री पटवायची आहे. आपली गाडी दुरुस्तीला गेलीय. तुमची काढा. मी मागे बसते, ते पुढे बसतील. आणि कृपा करून त्यांच्या वजनाविषयी एक शब्द काढू नका."

मी अर्धा तास आधीच गाडी सावलीत लावून तयार बसलो. चाक पोटाला टोचत होतं म्हणून शेजारच्या सीटेवर सरकलो. बाबांनी दोन्ही सीटा एकसारख्या बेतल्या होत्या, त्यामुळे मी इकडेही बरोबर जुळलो. वारा होता म्हणून तो तुकडा मांडीवर पसरला, हात त्याखाली घेतले. डोळ्यांवर उजेड येत होता म्हणून टोपी चेहऱ्यावर ओढली. आणि त्या मऊ, उबदार कापडात मला जी झोप लागली, तशी लहानपणानंतर लागलेली नव्हती.

जाग आली ती जग संपल्यावर. म्हणजे मला तसं वाटलं. अंधार झाला होता, छातीतला सगळा वारा बाहेर गेला होता, आणि अंगावर कुणीतरी इमारत बांधत होतं. शेठ फोनवर बोलत बोलत आले होते, दार उघडून, गाडीत बसणारा प्रत्येक भला माणूस करतो तसे आधी पाठमोरे झाले होते आणि निर्धास्तपणे बसले होते. बसून वर थोडे सरकूनही घेतलं होतं, नीट बसायला.

"अग्गं," एवढंच मी म्हणू शकलो.

शेठ फोनमध्ये म्हणाले, "थांब, सीटेतून आवाज येतोय." मग जरा वाकून विचारलं, "कोण आहे?"

"मी," मी खालून म्हणालो. "तक्रार विभाग."

इतक्यात मॅडम आल्या. शेठना उठायचं होतं, पण गाडी बुटकी आणि ते भरभक्कम. ते उठायला जोर लावत आणि तो जोर माझ्यावरच लागे. दोनदा उठले आणि दोनदा परत आले. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा माझ्यातला इतक्या वर्षांचा तक्रार विभाग गुदमरून बोलला, "शेठ, आपला काटा बरोबर आहे."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

शेवटी रखवालदाराने एक हात आणि मॅडमनी दुसरा हात धरून शेठना ओढून काढलं. ते नुसते सीटेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा सीटेकडे. मॅडम त्यांना घेऊन भाड्याच्या गाडीने गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या येताना माणसासारखे कपडे घालून या. हा शर्ट मला पुन्हा दिसला तर तुम्हीही दिसू नका."

घरी येताना मी गाडी इतकी हळू चालवली की एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे निघून गेले. नोकरीची मला फारशी भीती नव्हती. मॅडमचा राग एका दिवसाचा असतो. पण आता बाबांना सांगावं लागणार होतं. ते पुन्हा मशीन झाकणार, खिडकीशी बसणार आणि लोकांच्या कॉलरी मोजणार. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य दोन शब्दांनंतर मोडत होतं.

घरात शिरलो तर जमिनीवर तो तागा पसरला होता. बाबा खडू घेऊन गुडघ्यांवर बसले होते. "बरं झालं आलात. पँटीचं माप द्या, म्हणजे कात्री लावतो."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. फाटक, फायली, शेठ, मॅडम. सांगून झाल्यावर म्हणालो, "बाबा, कव्हरं लाखात एक आहेत. पण हा शर्ट मला घालता येणार नाही. मला वाईट वाटतंय."

बाबांनी खडू खाली ठेवला. बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, एक विचारू? तुम्हाला तो आवडला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"सुटलो," बाबा म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. "अहो, बाही अशी पुढे काढून लावायची म्हणजे आमच्या धंद्याला काळिमा. इतका भिकार शर्ट मी शिकाऊ असतानाही शिवला नव्हता. रोज वाटायचं, उसवून टाकावा. पण ही म्हणाली, त्यांची लहानपणापासूनची हौस आहे, तुम्ही नाही म्हणालात तर मनाला लावून घेतील, जेवायचे नाहीत."

"मी? जेवायचा नाही?"

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं. "दूध उतू जातंय वाटतं," बायको म्हणाली आणि आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

आम्ही दोघं खूप हसलो. पण हसणं ओसरलं तसे बाबा उठले, कपाटातून ती घडी घातलेली चादर काढली आणि म्हणाले, "असो. तुमच्या निमित्ताने हात चालले चार दिवस. आता झाकून ठेवतो." चादर मशीनवर पडणार, इतक्यात माझा फोन वाजला. मॅडम होत्या.

"शेठनी ऑर्डर दिली," त्या म्हणाल्या.

"काट्यांची?"

"काट्यांचीही. अंगावर इतकं ओझं असताना माणूस खोटं बोलत नाही, म्हणाले. पण फोन त्यासाठी केला नाही. त्यांच्या मालाच्या गाड्या आहेत. ड्रायव्हर दिवसभर बसून पाठ धरून घरी जातात. त्यांना सगळ्या सीटांना कव्हरं शिवून हवीत, आत गादी भरून. तुमचा तो शिंपी मिळेल का, विचारतायत."

"याच कापडाची?" मी विचारलं.

"कापड कुठलंही चालेल. त्यांची अट एकच आहे." मॅडम जरा थांबल्या. "बसायला अगदी आजच्याइतकंच मऊ पाहिजे."

मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या हातातली चादर तिथेच खाली गळली. बायको आतून धावत आली आणि दाराशी उभी राहून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. बाबांनी चष्मा नाकावर सारला, टेप गळ्यात टाकली आणि गंभीरपणे विचारलं, "शेठ नेमके कुठे बसले होते?"

मी दाखवलं.

बाबांनी माझं पोट दोन बोटांनी दाबून पाहिलं. मग तळहाताने. मग बाजूला होऊन, एक डोळा मिटून, आडवं निरखून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला दुकानातले जुने बाबा दिसले आणि मी मुकाट्याने उभा राहिलो.

"अगं," ते मुलीला समाधानाने म्हणाले, "कापूस पुष्कळ लागणार."